एकाहत्तर पूर्णांक चार

काकांच्या घरी पहिल्यांदा गेलो, तेव्हा चहा यायच्या आधीच त्यांनी मला सोफ्यावरून उठवलं होतं. नवरा आणि मी एकाच कडेला बसलो होतो. काका थोडा वेळ आमच्याकडे, मग सोफ्याच्या पायांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तू त्या टोकाला बस. सगळा भार उजवीकडे जातोय." नव्या देशात, नव्या ओळखीत पहिल्याच दिवशी वाद नको म्हणून मी निमूट उठले. नवऱ्याला मात्र हा माणूस तेव्हापासूनच आवडायला लागला.

काका मूळचे मिरजेचे. हॅम्बर्गला येऊन त्यांना चाळीसेक वर्षं झाली होती आणि त्यातली बहुतेक विमानाच्या कारखान्यात गेली होती. तिथे काम काय, तर तयार झालेलं विमान तोलायचं. मी भाबडेपणाने विचारलं होतं, "विमानसुद्धा तोलतात?"

"मग काय, अंदाजे उडवतात?"

त्यांच्या आयुष्यात अंदाज या गोष्टीला जागाच नव्हती. काकू सांगायच्या, "आमच्याकडे चिमूटभर मीठ चालत नाही बाई. चिमूट कुणाची, असं विचारतात." माणसाच्या बोलण्यावर त्यांचा विश्वास कमी. "माणूस बोलतो, काटा सांगतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते बारशाला म्हणायचे, साखरपुड्याला म्हणायचे, आणि एकदा तर एका भल्या माणसाच्या शोकसभेतही म्हणाले होते. ते तिथे कसं लागू पडलं हे अजून कुणाला कळलेलं नाही, पण सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

भारतात निघालेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाच्या बॅगा विमानतळाआधी काकांच्या दारात यायच्या. त्यांच्याकडे एक आकड्याचा काटा होता, त्याला बॅग लटकवायची. तेवीस किलोच्या वर शंभर ग्रॅम जरी भरली, तरी काका बॅग उघडायचे आणि काय काढायचं ते स्वतः ठरवायचे. आपण फक्त लाजायचं. माझ्या सासूबाईंसाठी घेतलेली सुगंधी मेणबत्ती त्यांनी अशीच बाहेर काढली. "साडेआठशे ग्रॅम. त्यांना आवडणार नाही." मी हट्टाने ती हँडबॅगेत घालून नेली. सासूबाईंनी ती तीन दिवस साबण समजून न्हाणीघरात ठेवली आणि चौथ्या दिवशी म्हणाल्या, "तुमच्याकडचे साबण फेस करत नाहीत गं."

पण काका म्हटलं की आमच्या मंडळींना आठवते ती जानेवारीतली चाल.

हॅम्बर्गच्या आसपासच्या गावांत ही जुनी पद्धत आहे. कडाक्याच्या थंडीत मित्रमंडळींनी शेताशेतांतून मैलोन् मैल चालत जायचं आणि शेवटी गावातल्या पबमध्ये बसून ग्र्यूनकोल खायचा. ग्र्यूनकोल म्हणजे कुरळ्या पानांची हिरवी भाजी. हिम पडल्याशिवाय ती गोड लागत नाही, असं इकडचे लोक सांगतात. हिम पडल्यानंतरही ती फार गोड लागते असं नाही. तर त्या जेवणात सगळ्यात जास्त जो खाईल, तो त्या वर्षीचा राजा. त्याच्या डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट, मुकुटाला भाजीची पानं, आणि पुढच्या वर्षीची चाल भरवायची जबाबदारी त्याची.

कारखान्यातल्या जर्मन सहकाऱ्यांबरोबर काका ही चाल शिकले आणि मग त्यांनी ती मराठी मंडळींना लावली. जर्मन लोक राजा कसाही ठरवतात. टाळ्या वाजवून, कुणाकडे बोट दाखवून, कधी ज्याला सगळ्यात जास्त चढली आहे त्याला. काकांना हे पटणं शक्यच नव्हतं. पबच्या मागे खळ्यात बटाट्याची पोती तोलायचा जमिनीवरचा मोठा काटा होता. काकांनी नियम केला. जेवणाआधी प्रत्येकाने काट्यावर उभं राहायचं, जेवणानंतर पुन्हा. कोट काढून, बूट घालून. ज्याचं वजन सगळ्यात जास्त वाढलं, तो राजा.

आता मला सांगा, चाळिशी ओलांडलेल्या मराठी बाईने ओळखीच्या तीस माणसांसमोर बटाट्याच्या काट्यावर उभं राहायचं आणि एका इंजिनियरने तिचं वजन खणखणीत आवाजात वाचायचं, याला काय म्हणावं? माझ्या मुलीने एका शब्दात सांगितलं होतं, "पाइनलिश." म्हणजे लाज आणलीत. ती इथेच जन्मली. मराठी सगळं कळतं, उत्तरं जर्मनमध्ये देते, आणि आईबद्दलची मतं तर नक्कीच.

पण खरी अडचण ती नव्हती. राजा कुणालाच व्हायचं नव्हतं. पुढच्या वर्षीची वाट आधी दोनदा चालून बघा, पब ठरवा, शाकाहारी पातेलं वेगळं ठेवायला लावा, तीस जणांना फोन करा, आणि त्यातल्या अकरा जणांचं "बघू, आदल्या दिवशी सांगतो" ऐकून घ्या. कोण करणार? म्हणून आमच्या सुशिक्षित, करप्रामाणिक मंडळींनी तोड काढली. पहिल्या वजनाला खिसे भरून जायचं आणि दुसऱ्या वजनाला रिकामे करून. म्हणजे पोटात कितीही गेलं, तरी काट्यावर काही वाढत नाही. मी स्वतः दर वर्षी दीड लिटरची पाण्याची बाटली थर्मलच्या कमरेत खोचून वरून स्वेटर ओढून घ्यायची. माझा नवरा दोन पॉवर बँक, किल्ल्यांचा जुडगा आणि माझा एक जुना फोन बाळगायचा. एका वर्षी तो दोन तास आडवा हात मारून जेवला आणि पाऊण किलोने कमी भरला. काकांनी आकडा लिहिला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "अभिनंदन."

आम्हाला वाटायचं, त्यांच्या लक्षात येत नाही. आयुष्यभर विमानं तोललेल्या माणसाच्या लक्षात येत नाही, असं आम्हाला खरोखर वाटायचं. दर वर्षी काका प्रामाणिकपणे जेवायचे, प्रामाणिकपणे सहा-सातशे ग्रॅमने वाढायचे आणि राजा व्हायचे. मुकुट डोक्यावर चढला की, "काय करणार, काटा सांगतोय!" म्हणायचे. वर तक्रारही करायचे, की तरुण पिढी जेवत नाही.

स्वतःचं वजन मात्र ते स्वतः वाचत नसत. "आपला आकडा आपण वाचायचा नाही. कारखान्यातसुद्धा दुसऱ्याची सही लागते." ते काम पबचा मालक करायचा.

तीन-चार हिवाळ्यांपूर्वी, चालीच्या आदल्या दिवशी, मला काकूंचा फोन आला. काकू कधी चालायच्या नाहीत, त्या बसने थेट पबला यायच्या. "मी चाळीस वर्षं यांच्या मागून चालतेय, त्यात आणखी नऊ किलोमीटर कशाला?" असं त्या म्हणायच्या. त्या दिवशी मात्र आवाज गमतीचा नव्हता.

"ऐक. उद्या यांचं वजन तू वाचायचंस. मालकाला मी सांगून ठेवलंय, तो मध्ये येणार नाही."

"का हो काकू?"

मग त्यांनी सांगितलं. काकांचं हृदय गेल्या उन्हाळ्यापासून कमजोर झालं होतं. अंगात पाणी साठतं, म्हणून डॉक्टरांनी रोज सकाळी वजन करून लिहायला सांगितलेलं. दोन किलो वाढले की ताबडतोब दवाखाना, तिथे चालढकल नाही. "हे रोज न्हाणीघराचं दार लावतात आणि आतून ओरडतात, एकाहत्तर पूर्णांक चार. तीन आठवडे झाले. रोज एकाहत्तर पूर्णांक चार! अगं, आमच्या भिंतीचं वजनसुद्धा इतकं स्थिर भरणार नाही. पायावर मोज्यांचे वळ उठतात. घड्याळाचा पट्टा दोन भोकं सैल केलाय. रात्री तीन उशा लागतात. मी म्हटलं, मला आकडा दाखवा. तर म्हणाले, माझ्यावर विश्वास नाही?"

"मग डॉक्टरांना सांगा ना."

"सांगितलं. डॉक्टर म्हणाले, फ्राऊ, तुमचे मिस्टर तर वजनातले तज्ज्ञ आहेत!" काकू थांबल्या. "यांना ही चाल चुकवायची नाहीये. चालून घेतो, मग बघू, असं चाललंय. ते मग कधी येणार गं? घरात मला काटा बघू देत नाहीत, पण तिथे सगळ्यांसमोर चढावंच लागेल. जो असेल तो आकडा मोठ्याने वाच. दोन किलो जरी वर असला, तर मी त्यांना तिथूनच घेऊन जाणार."

मी हो म्हटलं. मग रात्री जेवताना माझ्या लक्षात आलं, की सगळ्या हॅम्बर्गमध्ये खरं वजन वाचायला काकूंनी निवडली ती बाई दर वर्षी कमरेला बाटली खोचते. नवरा म्हणाला, "मग उद्या नको खोचूस."

"आणि मीच राजा झाले तर?"

त्याने पॉवर बँक चार्जिंगला लावल्या.

दुसऱ्या दिवशी लहानशा स्टेशनवर उतरलो, तेव्हा सगळी शेतं पांढरी पडली होती. पाटांवर बर्फाचा पापुद्रा धरलेला, सफरचंदाची झाडं नुसत्या काटक्यांची. इकडे घोड्यांनासुद्धा जाकिटं घालतात. ते कुंपणापाशी उभे राहून आमच्याकडे अशा नजरेने बघत होते, की या लोकांना घरी कुणी नाही का. दर वर्षी काका बारा पावलं पुढे असायचे. हातगाडी स्वतः ओढायचे आणि तिच्यात कुठला थर्मास कुठे ठेवायचा, तेही तेच ठरवायचे. त्या दिवशी त्यांनी गाडी माझ्या नवऱ्याच्या हातात दिली.

"तू ओढ. मी मागून बघतो, गाडी कुठे झुकते ते."

मी पण मागे राहिले. काका दर बाकाशी थांबत आणि थांबण्याचं काहीतरी कारण सांगत. इथे पूर्वी गिरणी होती. इथला बांध फुटला होता. तिसऱ्या बाकाशी त्यांना काही सुचेना. ते नुसतेच बसले, तोंडातून वाफा निघत होत्या. बुटांचे बंद सैल होते. बंदांच्या दोन्ही टोकांची लांबी सारखी करून गाठ मारणारा हा माणूस, आणि बूट नुसते पायात अडकवलेले.

"दमलात, काका?"

"हवा जड आहे आज," ते म्हणाले.

पबपाशी पोचायला नेहमीपेक्षा तासभर जास्त लागला. काकू दारातच उभ्या होत्या. माझ्याकडे बघून त्यांनी फक्त मान हलवली. मी बाथरूममध्ये गेले आणि बाटली खोचून आले. हो, खोचली. उगाच कशाला खोटं बोलू? सवय ही सवय असते.

खळ्यात रांग लागली. काकांनी आपली पितळी वजनं हातगाडीतून काढून काटा तपासला. पाच किलो, दहा किलो, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोब्बर. मग एकेकाला चढवून आकडे वाचले, माझाही वाचला, आणि मी जमिनीकडे बघत तो ऐकला. शेवटी मालक पुढे येईना, तेव्हा त्यांनी वही माझ्याकडे दिली आणि स्वतः काट्यावर उभे राहिले.

काटा स्थिर झाला. मी वाकून बघितलं. सत्त्याहत्तर पूर्णांक दोन.

"लिही," काका ओठ न हलवता, माझ्यापुरतं म्हणाले, "एकाहत्तर पूर्णांक चार."

"काका, अहो..."

"लिही म्हणतो ना. जेवण होऊ दे. चाल पुरी होऊ दे. उद्या जातो मी, तुझी शपथ."

"काकूंना मी शब्द दिलाय."

त्यांनी माझ्या स्वेटरकडे बघितलं. "तुझ्या कमरेला दीड लिटर पाणी आहे. गेली नऊ वर्षं आहे. तुझ्या नवऱ्याच्या खिशांत काय काय असतं, त्याची यादी सांगू? मी बोललो का कधी?"

माझे कान थंडीतसुद्धा तापले. म्हणजे याला सगळं माहीत होतं! आम्ही त्याला फसवत होतो आणि तो आम्हाला फसवू देत होता. आमच्या चोरीशिवाय त्याला राजा कोण करणार होतं? सत्तरी पार केलेला माणूस तो. तिशीतल्या पोरांनी खरोखर जेवायचं ठरवलं असतं, तर एका वर्षात मुकुट गेला असता. काट्यावर एवढी निष्ठा असलेला माणूस दर जानेवारीत खोट्या निवडणुकीवर निवडून येत होता, आणि आज माझ्याकडून त्याला फक्त आणखी एक खोटा आकडा हवा होता. मला तो लिहिणं काही अवघड नव्हतं. सराव होता.

दारात काकू उभ्या होत्या, हातात त्यांची पर्स घट्ट धरून.

"सत्त्याहत्तर पूर्णांक दोन!" मी ओरडले. इतक्या मोठ्याने, की बाहेरचं कुत्रं भुंकलं.

"काटा चुकतोय," काका म्हणाले.

"आत्ताच तुम्ही तपासलात, काका."

तीस माणसांच्या रांगेत कुणी हललं नाही. काट्यावर उभा असलेला तो माणूस मला एकदम फार म्हातारा दिसला. काकू पुढे आल्या. "अहो, उतरा. मालक गाडी काढतायत."

काका उतरले. उतरले ते थेट रांगेकडे वळले आणि कारखान्यात लावत असतील त्या आवाजात म्हणाले, "सगळ्यांनी खिसे रिकामे करा. इथे. काट्यावर."

"अहो, आत्ता काय हे!" काकू.

"दोन मिनिटं! नियम सगळ्यांना सारखा."

सुरुवात मीच केली. स्वेटरखालून बाटली काढून काट्यावर ठेवली. माझी मुलगी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मग पॉवर बँक आल्या, किल्ल्या आल्या. एका गृहस्थांच्या पायमोज्यातून व्यायामाची दोन वजनं निघाली. मंडळाच्या माजी अध्यक्षांनी, जे पारदर्शक कारभारावर दर गणपतीत भाषण करतात, स्वेटरच्या आतून दोन किलो बासमतीची पिशवी काढली. एका शांत, सोज्वळ वहिनींनी पदराआडून काढावा तसा शालीआडून पितळी खलबत्त्याचा बत्ता काढला आणि "सासूबाईंचा आहे" एवढंच म्हणाल्या. ढीग वाढत गेला. काका छाती वरखाली करत उभे होते, पण डोळे आकड्यावर.

"एकोणीस पूर्णांक सहा," मी वाचलं.

"मला सतराचा अंदाज होता," काका म्हणाले. स्वतःसाठी अंदाज हा शब्द त्यांनी वापरलेला मी तेवढा एकदाच ऐकला. काकूंनी त्यांच्या दंडाला धरलं आणि गाडीकडे नेलं. जाताना काकांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

गाडी वळून दिसेनाशी झाली आणि आम्ही अंगणात उभे. आत भट्टी पेटलेली, ताटं मांडलेली, बाहेर नाकं गोठायची वेळ. पण आत कुणी जाईना. "चला" म्हणायचं काम आजवर काकांचं होतं. सॉफ्टवेअरच्या मोठमोठ्या टीम चालवणारी माणसं आपले हात काखेत घालून दाराकडे बघत होती. शेवटी माझ्या पायांना मुंग्या आल्या म्हणून मी म्हटलं, "चला." आणि सगळे गेले. दुसरं वजन कुणी केलं नाही. मुकुट कुणीतरी आणून माझ्या ताटाशेजारी ठेवला. मीही तो परत केला नाही, कारण तोंडात बटाटा होता.

काका आठ दिवस दवाखान्यात होते. डॉक्टर काकूंना म्हणाले, आणखी दोन दिवस गेले असते तर आम्ही काही सांगू शकलो नसतो. सहाव्या दिवशी मी भेटायला गेले. काका भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी खुर्चीवर बसले.

"राजा कोण?" ते भिंतीलाच म्हणाले.

"मी."

"कितीने वाढलीस?"

"दुसरं वजन झालंच नाही. मी चला म्हणाले, म्हणून मंडळींनी माझ्या गळ्यात घातलं."

"नियमात बसत नाही." ते वळले. चेहरा उतरला होता, पण श्वास नीट चालला होता. "लिहून घे. मालकाला ऑक्टोबरातच फोन करायचा. फोन त्याची आई उचलते. तिला आधी गुडघा विचारायचा, मग तारीख. दुसऱ्या फाटकाची कडी वर उचलून मागे ओढायची, नाहीतर घोडे बाहेर येतात. अकरा जण आदल्या दिवशी सांगतो म्हणतील. त्यांना धरूनच चालायचं, ते येतात."

मी फोनवर लिहून घेत होते. मध्येच ते म्हणाले, "मला चालता येणार नाही म्हणून नव्हतो लपवत."

"मग?"

"मी नाही गेलो तर तुम्ही लोक जाणार नाही, असं वाटलं." थोडं थांबून, "गेला असता?"

"नाही," मी म्हटलं. खरंच गेलो नसतो. त्या रविवारी घरी वडापाव करून खाल्ले असते.

काकांनी समाधानाने मान हलवली. मग उशाखालून वही काढली, पेन उघडलं. "राजाचं वजन वहीत लागतं. बाटलीशिवायचं. खरं सांग."

मी आजूबाजूला बघितलं. पलीकडच्या खाटेवरच्या जर्मन आजोबांना मराठी येत असण्याची शक्यता फार कमी होती. तरी मी खुर्ची पुढे ओढली, काकांच्या कानाशी वाकले आणि नवऱ्यालासुद्धा कधी न सांगितलेला आकडा सांगितला.

काकांनी तो लिहिला. मग चष्म्यावरून माझ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत नीट बघितलं.

"वाटत नाही," ते म्हणाले.